सत्त्याण्णव टक्के श्रद्धावंत आणि ईमानची कसोटी



आपल्या मोहल्ल्यातील बैठकींत एक तक्रार वारंवार ऐकू येते. वडीलधारी मंडळी उसासा टाकून म्हणतात, ‘काय जमाना आला! लोकांचा अल्लाहवरचा विश्वासच उडाला.’ ऐकणारे माना डोलावतात आणि चर्चा महाविद्यालयात जाणाऱ्या मुलांवर, मोबाइलवर आणि शहरी राहणीवर घसरते. ही तक्रार खरी आहे काय? सर्वसामान्य माणसाने ईश्वराला खरोखरच सोडून दिले आहे काय? आणि समजा सोडले नसेल, तर आपण निश्चिंत व्हावे काय? या तीन प्रश्नांचा क्रमाने विचार करणे हा या महिन्याच्या पाठाचा हेतू आहे.

आकडे काय सांगतात?

प्रथम आपल्या देशाकडे पाहू. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संस्थेने नोव्हेंबर २०१९ ते मार्च २०२० या काळात भारतातील जवळजवळ ३० हजार प्रौढ व्यक्तींच्या प्रत्यक्ष मुलाखती सतरा भाषांतून घेतल्या आणि जून २०२१ मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार ९७ टक्के भारतीयांनी आपण ईश्वराला मानतो असे सांगितले. बहुतेक धर्मसमूहांतील सुमारे ८० टक्के लोकांनी तर ईश्वराच्या अस्तित्वाविषयी आपल्याला तिळमात्र शंका नाही असे उत्तर दिले. धर्म आपल्या जीवनात अत्यंत महत्त्वाचा आहे असे म्हणणाऱ्यांचे प्रमाण हिंदूंमध्ये ८४ टक्के, तर मुस्लिमांमध्ये ९१ टक्के आढळले. ठळक अपवाद होता तो बौद्ध बांधवांचा. त्यांच्यापैकी एक तृतीयांश लोकांनी आपण ईश्वराला मानत नाही असे सांगितले. बौद्ध विचारात सृष्टिकर्त्या ईश्वराच्या कल्पनेला स्थान नाही हे ध्यानात घेतले, तर त्यात नवल वाटण्याचे कारण नाही.

जनगणनेचा दाखलाही याच दिशेचा आहे. २०११ च्या जनगणनेत १२१ कोटी भारतीयांपैकी स्वतःची नोंद ‘नास्तिक’ अशी करून घेणारे होते अवघे ३३ हजारांच्या आसपास. त्यांतील साडेनऊ हजारांहून अधिक एकट्या महाराष्ट्रातील होते. विवेकवादी विचारांची जुनी परंपरा असलेल्या आपल्या राज्यात ही संख्या इतरांपेक्षा अधिक असणे समजण्यासारखे आहे. तरीही सव्वाअकरा कोटींच्या लोकसंख्येत ती चिमूटभरच.

आता जगाकडे वळू. अमेरिकेत गॅलप या संस्थेने १९४४ साली ‘आपण ईश्वराला मानता काय?’ असा प्रश्न प्रथम विचारला, तेव्हा ९६ टक्के लोकांनी ‘होय’ असे उत्तर दिले. २०२२ साली हेच प्रमाण ८१ टक्क्यांवर आले. इंग्लंड व वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत ३७.२ टक्के लोकांनी आपला कोणताही धर्म नाही अशी नोंद केली. प्यूच्या २०२५ मधील अहवालानुसार २०२० साली जगातील सुमारे २४ टक्के लोक कोणत्याही धर्माशी स्वतःला जोडत नव्हते. मात्र धर्माचे नाव न लावणारा प्रत्येक जण नास्तिक असतो असे नाही. त्यांच्यातही ईश्वराला किंवा एखाद्या उच्च शक्तीला मानणारे पुष्कळ आहेत. उलट बाजूने पाहिले, तर जगातील तीन चतुर्थांश माणसे आजही कोणत्या ना कोणत्या धर्माशी नाते सांगतात, आणि त्यांत मुस्लिमांची संख्या दोनशे कोटींच्या घरात आहे.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. पश्चिमेकडील काही देशांत श्रद्धा निश्चितच ओसरली आहे. आपल्या देशातील सर्वसामान्य माणसाविषयी मात्र ‘विश्वास उडाला’ ही तक्रार टिकत नाही. भाजीवाली, रिक्षावाला, शेतकरी, शिक्षिका, दुकानदार, यांतील कोणालाही विचारा, शंभरातील सत्त्याण्णव जण ‘ईश्वर आहे’ असेच म्हणतील.

हा विश्वास येतो कोठून?

एका मुस्लिमाला या आकड्याचे आश्चर्य वाटू नये. कुरआनच्या सूरह आराफमध्ये (७:१७२) एका कराराचा उल्लेख आहे. अल्लाहने आदमच्या संततीला स्वतःवरच साक्षी ठेवून विचारले की मी तुमचा पालनकर्ता नाही काय, आणि सर्व आत्म्यांनी त्याची कबुली दिली. बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीस-संग्रहांत प्रेषित मुहम्मद (स.) यांचे कथन आले आहे की प्रत्येक मूल निसर्गसिद्ध प्रकृतीवर, म्हणजे फितरतवर जन्माला येते. आईवडील आणि भोवताल पुढे त्याला वेगवेगळ्या वाटांना लावतात. म्हणजेच ईश्वराची ओळख माणसाच्या घडणीतच आहे. तिच्यावर धूळ बसते, तिची दिशा चुकते, पण ती समूळ नष्ट होत नाही.

मग आपण निश्चिंत व्हावे काय? सत्त्याण्णव टक्के म्हणजे काम फत्ते झाले काय? येथूनच खरा पाठ सुरू होतो.

‘होय’ या उत्तराच्या पोटात काय आहे?

गॅलपच्या २०२२ च्या पाहणीत आणखी एक प्रश्न होता. ज्याला तुम्ही मानता तो ईश्वर प्रार्थना ऐकतो काय आणि त्यावर काही करू शकतो काय? ८१ टक्के लोकांनी ईश्वराला मानले होते, परंतु तो प्रार्थना ऐकतो आणि हस्तक्षेपही करू शकतो असे मानणारे निघाले केवळ ४२ टक्के. आणखी २८ टक्क्यांच्या मते तो ऐकतो, पण करू काही शकत नाही. उरलेल्या ११ टक्क्यांचा ईश्वर ऐकतही नाही आणि काही करतही नाही. पाहा, ‘होय’ हा शब्द एकच आहे, पण त्याच्या पोटात तीन निरनिराळ्या श्रद्धा आहेत. एकाचा ईश्वर श्वासाहून जवळ आहे, तर दुसऱ्याचा भिंतीवरच्या बंद पडलेल्या घड्याळासारखा केवळ टांगलेला आहे.

आपल्याकडेही असेच आहे. प्यूच्या भारतीय पाहणीत ७७ टक्के मुस्लिमांनी आपण ‘कर्म’ मानतो असे सांगितले. हिंदूंचे प्रमाणही तितकेच होते. हा आकडा वाचून काहींना धक्का बसला. परंतु मराठी बोलणाऱ्याला ठाऊक आहे की ‘ज्याचे कर्म त्याला भोवते’ हे आपण पेरणी-कापणीइतक्या सहजतेने म्हणतो. त्यामागे पुनर्जन्माचा सिद्धान्त असेलच असे नाही. कृत्याचे फळ मिळते एवढाच अर्थ घेतला, तर तो इस्लामशी विसंगत नाही. मात्र फळ देणारा कोण, कधी आणि कोठे, या प्रश्नांची इस्लामची उत्तरे अगदी निश्चित आहेत. फळ आपोआप फिरणाऱ्या एखाद्या चक्रातून येत नाही. सर्वज्ञ अल्लाह हिशेब घेतो, जीवन एकदाच मिळते आणि निवाड्याचा एक दिवस ठरलेला आहे. आपल्या घरातील मुलांना हा फरक सांगता येतो काय, हे प्रत्येक आईवडिलांनी एकदा पडताळून पाहावे.

मक्केतील लोकांना विचारले असते तर?

क्षणभर कल्पना करा की चौदाशे वर्षांपूर्वी मक्केच्या बाजारात अशीच पाहणी झाली असती. ‘आकाश आणि पृथ्वी कोणी निर्माण केली?’ असा प्रश्न कुरैशच्या सरदारांना विचारला असता, तर उत्तर काय आले असते? हे उत्तर कुरआननेच नोंदवून ठेवले आहे. सूरह लुकमान (३१:२५), सूरह अन्कबूत (२९:६१), सूरह जुमर (३९:३८) अशा अनेक ठिकाणी सांगितले आहे की हा प्रश्न त्यांना विचारला, तर ते निःसंकोच अल्लाहचेच नाव घेतील. सूरह मुअमिनूनमध्ये (२३:८४-८९) तर पृथ्वी कोणाची, सात आकाशांचा स्वामी कोण, सर्व सत्ता कोणाच्या हाती, असे एकामागून एक प्रश्न आहेत आणि प्रत्येकाचे त्यांचे उत्तर एकच आहे.

म्हणजे मक्केतील पाहणीचा निष्कर्षही बहुधा सत्त्याण्णव टक्क्यांच्या खाली आला नसता. ज्यांनी प्रेषितांना (स.) त्यांच्या शहरातून बाहेर काढले, ज्यांनी ह. बिलाल (रजि.) यांना तापलेल्या वाळूवर झोपवून छातीवर दगड ठेवला, ते नास्तिक नव्हते. ते अल्लाहची शपथ घेत, काबागृहाला प्रदक्षिणा घालत. सूरह यूसुफमध्ये (१२:१०६) अशा लोकांची स्थिती एका वाक्यात आली आहे. त्यांतील बहुतेक अल्लाहला मानतात खरे, पण त्याच्याबरोबर इतरांना भागीदार ठरवूनच.

एक हदीस या संदर्भात फार बोलकी आहे. ती तिर्मिजीत आली आहे. ह. इमरान (रजि.) यांचे वडील हुसैन हे इस्लाम स्वीकारण्यापूर्वी प्रेषितांकडे (स.) आले. प्रेषितांनी (स.) विचारले की तुम्ही किती देवांची उपासना करता. त्यांनी सांगितले, सात. सहा पृथ्वीवरचे आणि एक आकाशातला. प्रेषितांनी (स.) पुढे विचारले की आशा आणि भीती यांच्या वेळी तुम्ही कोणाला आपला मानता. ते म्हणाले, आकाशातल्याला. प्रेषितांनी (स.) वाद घातला नाही, दूषण दिले नाही. त्यांच्या अंतःकरणात जे आधीच होते तेच त्यांच्यासमोर ठेवले. पुढे हुसैन (रजि.) यांनी इस्लाम स्वीकारला.

संकटकाळी मन कोणाकडे धावते, हीच कसोटी कुरआन वादळाच्या दृष्टान्तातून वारंवार देतो. सूरह अन्कबूत (२९:६५) आणि सूरह यूनुस (१०:२२) यांत नौकेवरील प्रवाशांचे वर्णन आहे. लाटा चहूबाजूंनी उसळल्या की ते सर्व भागीदारांना विसरून केवळ अल्लाहचा धावा करतात आणि किनाऱ्याला पाय लागले की पुन्हा पूर्वपदावर येतात. मक्केच्या विजयानंतर अबू जहलचा मुलगा इक्रिमा समुद्रमार्गे पळून जात असताना हेच त्याच्या अनुभवास आले. वादळ उठले तेव्हा नौकेवरील लोक म्हणू लागले की आता एका अल्लाहचीच निखळ आळवणी करा, तुमचे इतर देव येथे कामाचे नाहीत. इक्रिमाच्या मनात विचार चमकला की समुद्रात जो एकटाच वाचवू शकतो, तो जमिनीवरही एकटाच वाचवू शकतो. वाचलो तर मुहम्मद (स.) यांच्या हाती हात देईन, असा निश्चय त्याने तेथेच केला आणि तो पाळला. वादळातला विश्वास किनाऱ्यावर आणणारा माणूस असा असतो. पुढे ह. इक्रिमा (रजि.) यांनी इस्लामसाठी रणांगणावर प्राण दिले.

मानणे आणि ईमान

आता एक पाऊल पुढे जाऊ. इब्लीस अल्लाहचे अस्तित्व नाकारत होता काय? सूरह हिज्र (१५:३६) वाचा. तो अल्लाहला ‘माझ्या पालनकर्त्या’ असेच संबोधतो आणि पुनरुत्थानाच्या दिवसापर्यंत सवलत मागतो. म्हणजे तो अल्लाहला जाणत होता आणि अंतिम दिवसालाही जाणत होता. पाहणीच्या कोणत्याही प्रश्नात तो अनुत्तीर्ण झाला नसता. तो अनुत्तीर्ण झाला आज्ञापालनात.

ज्ञान, मान्यता आणि शरणागती यांत हा फरक आहे. मराठीत आपण म्हणतो, ‘मी त्यांना मानतो’, आणि ‘मी त्यांचे मानतो’. एका प्रत्ययाचा फरक आहे, पण अर्थ कितीतरी बदलतो. वडिलांना मानणारा मुलगा त्यांची तसबीर दिवाणखान्यात लावतो. वडिलांचे मानणारा मुलगा त्यांच्या शब्दाखातर आपला हट्ट सोडतो. अल्लाहला मानणारे सत्त्याण्णव असतील, पण अल्लाहचे मानणारे किती?

ह. उमर (रजि.) यांनी कथन केलेल्या आणि मुस्लिममध्ये आलेल्या प्रसिद्ध हदीसमध्ये ह. जिब्रील (अ.) यांनी प्रेषितांना (स.) ईमानविषयी विचारले. उत्तरात सहा गोष्टी आल्या : अल्लाह, त्याचे फरिश्ते, त्याचे ग्रंथ, त्याचे प्रेषित, अंतिम दिवस आणि भल्याबुऱ्या नियतीवर श्रद्धा. त्याच हदीसमध्ये एहसानचा अर्थ सांगितला आहे. अल्लाहची उपासना अशी करावी, जणू आपण त्याला पाहत आहोत, आणि आपण पाहू शकत नसलो तरी तो आपल्याला पाहत आहे. दुसऱ्या एका हदीसनुसार ईमानच्या सत्तराहून अधिक शाखा आहेत. सर्वांत श्रेष्ठ अल्लाहशिवाय कोणी उपास्य नसल्याची कबुली, आणि सर्वांत साधी वाटेतील इजा देणारी वस्तू बाजूला करणे. लक्षात घ्या, ईमानचे एक टोक तौहीदच्या उच्चारात आहे, तर दुसरे टोक गल्लीतल्या काट्यापर्यंत पोहोचले आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. हे विवेचन दुसऱ्याच्या ईमानचे माप काढण्यासाठी नाही. युद्धाच्या धामधुमीत कलिमा उच्चारणाऱ्या माणसाला ह. उसामा (रजि.) यांनी ठार केले. त्याने केवळ भीतीपोटी कलिमा म्हटला, असे त्यांचे म्हणणे होते. तेव्हा प्रेषितांनी (स.) तीव्र नापसंती दाखवून विचारले की तू त्याचे हृदय फाडून पाहिले होतेस काय. ज्याने कलिमा उच्चारला त्याला मुस्लिमच समजावे. त्याच्या हृदयाचा हिशेब अल्लाहकडे आहे. हे माप आहे ते स्वतःसाठी. आरशात दुसऱ्याचा चेहरा शोधू नये.

कसोटीची जागा

ह. अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) एकदा प्रवासात असताना त्यांना एक गुराखी भेटला. तो गुलाम होता आणि मालकाच्या बकऱ्या चारत होता. त्याची परीक्षा पाहण्यासाठी ते म्हणाले की एक बकरी आम्हाला विक आणि मालकाला लांडग्याने खाल्ली असे सांग. गुराख्याने प्रतिप्रश्न केला की मग अल्लाह कोठे आहे. या एका प्रश्नाने ह. इब्ने उमर (रजि.) यांचे मन हेलावले. त्यांनी मालकाकडून त्या गुलामाला विकत घेऊन मुक्त केले. पाहणी करणारा विचारतो, ‘ईश्वर आहे काय?’ गुराख्याचा प्रश्न वेगळा होता. जेथे कोणी पाहत नाही, साक्षीदार नाही आणि फायदा समोर आहे, तेथे अल्लाह आहे की नाही?

आता हा प्रश्न आपण आपल्या घरात आणू या. मी मुद्दाम असे उदाहरण घेतो, ज्याचा उल्लेख जुम्याच्या बयानात निघाला की पुढच्या रांगेत चुळबुळ सुरू होते. वडिलांचे निधन होते. जनाजा, कुरआनख्वानी, गरिबांना जेवण, सर्व काही यथासांग पार पडते. काही महिन्यांनी भाऊ बहिणीच्या सासरी जातो, चहा होतो आणि पिशवीतून हक्कसोडपत्र बाहेर निघते. ‘ताई, इथे सही कर. औपचारिकता आहे.’ ताई सही करते, कारण सही केली नाही तर ईदला माहेरचे दार उघडेल की नाही याची तिला खात्री नसते. सातबाऱ्यावरून तिचे नाव उतरते. तो भाऊ पाच वेळचा नमाजी असू शकतो. ईश्वर आहे काय, असे त्याला विचारले, तर ‘पूर्ण खात्रीने होय’ असेच तो म्हणेल. मग त्या सहीच्या क्षणी अल्लाह कोठे होता?

वारसाहक्काच्या आयती कशा परिस्थितीत अवतरल्या ते आठवा. ह. सअद बिन रबीअ (रजि.) उहुदच्या लढाईत शहीद झाले. त्यांच्या मागे पत्नी आणि दोन मुली होत्या. त्यांची सर्व मालमत्ता मुलींच्या चुलत्याने ताब्यात घेतली. ती विधवा मुलींना घेऊन प्रेषितांकडे (स.) आली. सूरह निसामधील आयत अवतरली आणि प्रेषितांनी (स.) चुलत्याला बोलावून आदेश दिला की दोन तृतीयांश मुलींना दे, एक अष्टमांश त्यांच्या आईला दे आणि उरेल ते तुझे. हे वाटप माणसांनी ठरवलेले नाही. सूरह निसामध्ये (४:७) स्पष्ट केले आहे की संपत्ती थोडी असो वा फार, स्त्रियांचा वाटा निश्चित आहे. वाट्यांचे वर्णन संपताच (४:१३-१४) या अल्लाहने आखलेल्या मर्यादा असल्याचे सांगून त्या पाळणाऱ्यांना जन्नतची शुभवार्ता आणि ओलांडणाऱ्यांना आगीचा इशारा दिला आहे.

हिशेब अवघड नाही. समजा एका गृहस्थाने ३२ गुंठे जागा मागे ठेवली. आईवडील आधीच वारले आहेत. पत्नी, एक मुलगा व दोन मुली हयात आहेत. प्रथम दफनविधीचा खर्च, मग कर्ज, मग एक तृतीयांशच्या मर्यादेत वसीयत असेल तर ती. पत्नीचा मेहर द्यायचा राहिला असेल, तर तोही कर्जच आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. हे सर्व भागवून ३२ गुंठेच उरले असे धरू. पत्नीला अष्टमांश, म्हणजे ४ गुंठे. उरलेल्या २८ गुंठ्यांचे चार भाग. मुलाला दोन भाग, म्हणजे १४ गुंठे, आणि प्रत्येक मुलीला एक भाग, म्हणजे ७ गुंठे. पाचवीतला मुलगा हे गणित सोडवील. त्यानुसार वाटप करणे मात्र पन्नाशीच्या माणसाला जड जाते. खरी परीक्षा तेथेच आहे.

बहिणीने आपला वाटा ताब्यात घेतल्यानंतर स्वखुशीने भावाला दिला, तर ती तिची उदारता आहे. परंतु न देताच ‘तिने सोडला’ असे म्हणणे आणि नाते तुटण्याची भीती घालून सही घेणे याला खुशी म्हणत नाहीत. लग्नात खर्च केला, दागिने घातले, ही कारणेही टिकत नाहीत. ती वडिलांनी हयातीत दिलेली भेट होती. वारसा त्यांच्या मृत्यूनंतर अल्लाहने दिला आहे.

हीच कसोटी दुकानाच्या काट्याला, नोकराच्या पगाराला, हुंड्याच्या बोलणीला आणि शेजाऱ्याशी वागण्याला लागू आहे. बाजारातील धान्याच्या ढिगात हात घातल्यावर आतला ओलावा प्रेषितांच्या (स.) बोटांना लागला, तेव्हा फसवणारा आपल्यातला नाही असे त्यांनी बजावले. ज्याच्या उपद्रवापासून शेजारी सुरक्षित नाही त्याच्या ईमानचा इन्कार त्यांनी तीन वेळा शपथ घेऊन केला. या हदीसमध्ये शेजाऱ्याचा धर्म कोणता हे सांगितलेले नाही.

मुलांच्या शंकांचे काय?

आता त्या तरुणांकडे वळू, ज्यांच्यावर आपली चर्चा घसरते. काही काळापूर्वी एक गृहस्थ नमाजनंतर माझ्याजवळ थांबले. त्यांचा मुलगा पुण्यात शिकतो. आवाज खाली आणून म्हणाले, ‘मौलाना, पोरगा विचारतो, अल्लाह आहे हे कशावरून? मी त्याला दोन थोबाडीत दिल्या.’ मी त्यांना विचारले, ‘मग उत्तर मिळाले का त्याला?’ ते गप्प झाले.

शंका विचारणे म्हणजे ईमान गमावणे नाही. काही सहाबा प्रेषितांकडे (स.) येऊन म्हणाले की आमच्या मनात असे विचार येतात की ते उच्चारणेही आम्हाला भयंकर वाटते. मुस्लिममधील या हदीसनुसार प्रेषितांनी (स.) त्यांना धीर दिला आणि ही अस्वस्थताच स्पष्ट ईमान असल्याचे सांगितले. ह. इब्राहीम (अ.) यांनी मृतांना तू कसे जिवंत करतोस ते दाखव, अशी विनंती केली, तीही हृदयाच्या समाधानासाठी (२:२६०). अल्लाहने त्यांना झिडकारले नाही, उत्तर दिले. कुरआन ठायी ठायी उंटाकडे, आकाशाकडे, पर्वतांकडे पाहायला आणि विचार करायला सांगतो. जो ग्रंथ विचाराला बोलावतो, त्याच्या अनुयायांनी प्रश्नाला चपराक देऊ नये.

आणखी एक कटू गोष्ट सांगतो. मुलाच्या मनात शंका नेहमी पुस्तकांतूनच शिरते असे नाही. अब्बा कुरआन वाचतात आणि फुफूच्या हक्काचे दडपतात, हे तो पाहतो. त्याच्या मनातला प्रश्न मग असा असतो : अब्बांना अल्लाह खरोखर आहे असे वाटते काय? या प्रश्नाचे उत्तर युक्तिवादाने देता येत नाही. फुफूला तिची जमीन मिळाली की ते आपोआप मिळते.

शेजारी आणि आपण

जे ईश्वराला मानत नाहीत, किंवा वेगळ्या रीतीने मानतात, त्यांच्याविषयीही दोन शब्द. आपल्या देशाच्या संविधानाने अनुच्छेद २५ अन्वये सर्वांना सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले आहे, आणि धर्मात बळजबरी नाही हे कुरआनचे तत्त्व आहे (२:२५६). इतर लोक ज्यांची आराधना करतात त्यांना अपशब्द वापरण्यास सूरह अन्आमने (६:१०८) मनाई केली आहे. सत्त्याण्णव टक्के शेजारी ईश्वराला मानतात, म्हणजे आपल्यात आणि त्यांच्यात बोलण्याचा धागा आधीपासूनच आहे. ह. हुसैन (रजि.) यांच्याशी प्रेषितांनी (स.) याच धाग्यावर संवाद केला. उरलेल्या तिघांतही एखादा प्रामाणिक शोधक असू शकतो. दोघांशीही आपली पहिली ओळख वचन पाळणारा, माप पुरे देणारा माणूस म्हणूनच व्हावी.

या महिन्यासाठी

वाचकहो, पाठ वाचून मासिक मिटू नका. तीन गोष्टी करा. एक, घरातील सर्वांनी एकत्र बसून सूरह हुजुरातच्या १४ व १५ या आयतींचा अर्थ वाचा. ग्रामीण अरबांनी आम्ही ईमान आणले असे म्हटले, तेव्हा ईमान अजून तुमच्या हृदयात उतरलेले नाही, असे त्यांना सांगण्यात आले. ते आपल्याला लागू आहे काय, यावर मुलांना मोकळेपणाने बोलू द्या. दोन, कुटुंबात वारशाचे कोणतेही वाटप रखडले असेल, कोणाचा मेहर थकला असेल, तर त्याची यादी करा. वाट्यांसाठी जाणकार आलिमांचा आणि कागदपत्रांसाठी वकिलाचा सल्ला घ्या. तीन, मुलाने विचारलेला एक प्रश्न वहीत लिहा आणि त्याचे उत्तर त्याच्यासोबत शोधा.

पुढच्या वेळी कोणी म्हणाले की लोकांचा विश्वास उडाला, तर त्याला नम्रपणे सांगा की लोक अल्लाहला आजही मानतात. मग घरी जाऊन ती जुनी पिशवी उघडा आणि बहिणीची सही पुन्हा एकदा पाहा.

हे अल्लाह, आमचे ईमान जिभेवरून हृदयात आणि हृदयातून हातांत उतरव. वादळात तुला जसे हाक मारतो, तसे किनाऱ्यावरही तुझे स्मरण ठेवण्याची आम्हाला सद्बुद्धी दे. ज्यांचे हक्क आमच्याकडे अडकले आहेत, ते मृत्यूपूर्वी परत करण्याचे बळ आम्हाला दे. आमीन.